गावात एक, मुलखात अनेक : ‘स्मिथ’ या आडनावाची कुळकथा

मराठी राज्याच्या अखेरच्या पर्वाचा इतिहास चाळताना एक इंग्रजी आडनाव पुन्हा पुन्हा आढळते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुणे ताब्यात घेणारा, आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टी येथे ज्याच्या फौजेशी लढताना बापू गोखले पडले, तो इंग्रज सेनापती लायोनेल स्मिथ. त्यानंतर सुमारे सव्वा वर्षाने, एप्रिल १८१९ मध्ये, शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या घळीकडे आलेला मद्रास फौजेतील एक अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांसमोर येऊन उभा राहिला व दहाव्या लेण्यात आपले नाव आणि तारीख कोरून गेला. तोही स्मिथच, त्याचे नाव जॉन. आणि ज्याचे भारताच्या इतिहासावरील ग्रंथ पुढे कित्येक वर्षे आपल्या महाविद्यालयांतून वाचले गेले, तो डब्लिन येथे जन्मलेला सनदी अधिकारी व्हिन्सेंट स्मिथ. एकाने पेशवाई बुडविण्यास हात लावला, एकाने लेणी उजेडात आणली, एकाने इतिहास लिहिला.

दोन माणसांचे आडनाव एक निघाले की ‘म्हणजे तुम्ही अमक्यांपैकी का?’ असा प्रश्न आपल्याकडे सहज निघतो. गाव, कुलदैवत आणि गोत्र ही त्या प्रश्नाची पुढची पावले. वरील तीन स्मिथांविषयी हाच प्रश्न कोणी इंग्रज गृहस्थास विचारला तर तो हसेल. त्याच्या देशात ‘स्मिथ’ या आडनावावरून माणसाचे कूळ, गाव वा पंथ यांपैकी काहीच कळत नाही. असे का झाले, हे पाहण्याजोगे आहे. कारण त्या विचारातून आपल्याही आडनावांवर थोडा प्रकाश पडतो.

‘स्मिथ’ म्हणजे लोहार. हा शब्द नॉर्मनांच्या स्वारीपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतला असून त्याची भावंडे जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियन भाषांत आहेत. घणाचा घाव घालणे या अर्थाच्या ‘स्माइट’ या इंग्रजी क्रियापदापासून तो आला, अशी एक लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते. परंतु भाषाशास्त्रज्ञ ती मानीत नाहीत. मुळात हा शब्द हातात कसब असलेल्या कारागिरास लावीत असत. जुन्या नॉर्स भाषेत तर लाकूडकाम करणाऱ्यालाही तोच शब्द चाले. आपल्याकडील ‘कारू’ या शब्दासारखीच त्याची व्याप्ती होती, असे म्हणता येईल. पुढे इंग्लंडात तो धातूकाम करणाऱ्यापुरता, आणि विशेषेकरून लोखंड घडविणाऱ्यापुरता राहिला. सोन्याचे काम करणारा ‘गोल्डस्मिथ’, बाणाची पाती घडविणारा ‘ॲरोस्मिथ’, घोड्याचे नाल करणारा ‘शूस्मिथ’, विळे करणारा ‘सिक्सस्मिथ’, सुऱ्या करणारा ‘नेस्मिथ’ अशी त्याची जोडरूपेही झाली व तीही आडनावे म्हणून टिकली.

आता प्रश्न असा की, इतके धंदे असताना लोहाराचेच नाव सर्वांत जास्त का पसरले? मध्ययुगीन इंग्लंडात लोहार काही सर्वांत जास्त नव्हते. सर्वांत जास्त होते ते शेत कसणारे. पण जेथे सारा गाव शेती करतो तेथे ‘शेतकरी जॉन’ म्हणून कोणाची ओळख पटत नाही. ओळख पटते ती वेगळेपणामुळे. गावात जॉन नावाचे आठ पुरुष असले आणि त्यांतला एकच भात्यापाशी बसत असला, तर ‘जॉन लोहार’ म्हणताच कोणता जॉन हे कळते. नांगराचा फाळ, विळा, कोयती, दाराची बिजागरी, घोड्याचा नाल या सर्वांसाठी लोहार हा प्रत्येक गावास हवाच असे; पण एका गावास एक लोहार पुरे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते ते पाहावे. गावात तो एकटा, म्हणून धंद्याचे नाव त्यास चिकटले; आणि प्रत्येक गावात असा एक, म्हणून ते नाव मुलखभर झाले. गावात विरळा असल्यामुळेच तो देशात विपुल झाला. स्मिथ या आडनावाच्या प्राचुर्याचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

हे नाव लोकांच्या तोंडी पुष्कळ आधीपासून होते. दहाव्या शतकातील डरॅम परगण्यातील एका नोंदीत ते एका माणसाच्या नावापुढे आढळते. परंतु तोंडचे नाव निराळे आणि आडनाव निराळे. बाप लोहार म्हणून ‘स्मिथ’, आणि मुलगा दळण दळू लागला की ‘मिलर’, अशी स्थिती होती तोवर ते केवळ विशेषण होते. विशेषणाचे आडनाव होण्यास दुसरी एक शक्ती लागते. ती शक्ती म्हणजे दप्तर.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन राजा विल्यम याने इंग्लंड जिंकले व वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, साऱ्या राज्याच्या जमिनीची आणि उत्पन्नाची जी पाहणी करविली, तिच्या बाडात लोहारांचा उल्लेख ‘फाबेर’ या लॅटिन शब्दाने येतो. कारण कारकुनाची भाषा लॅटिन होती. नॉर्मन सरदारांनी आपापल्या जहागिरीच्या गावांची नावे वंशपरंपरा लावण्यास सुरुवात केली. पुढील दोन-अडीच शतकांत ही चाल सरदारांकडून नगरवासीयांकडे आणि तेथून कुळांकडे उतरत गेली. जमीन बापाकडून मुलाकडे जाते, तेव्हा दप्तरातील नावही तेच राहिले तर मालकी सिद्ध करणे सोपे, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते. १३७७, १३७९ आणि १३८१ या तीन साली राजाने माणशी पट्टी बसविली. तिच्या याद्यांत कोठे कोठे माणसाच्या नावाबरोबर धंदाही लिहिला आहे. त्यांत कोणी स्मिथ खरोखरच लोहार असतो, तर कोणी स्मिथ भलताच काही धंदा करीत असतो. नावाने धंद्याची साथ सोडली ती अशी, चौदाव्या शतकात.

या ठिकाणी कायद्याच्या अभ्यासकास एक पुरावा फार मोलाचा वाटतो. राजा पाचवा हेन्री याच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, १४१३ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटने असा कायदा केला की, फिर्यादीत किंवा आरोपपत्रात प्रतिवादीचे नुसते नाव लिहिणे पुरणार नाही. त्याचा दर्जा किंवा धंदा, आणि राहण्याचे ठिकाणही लिहिले पाहिजे. नाव ‘जॉन स्मिथ’ असले तरी तो लोहार आहे की शिंपी, हे आता निराळे सांगावे लागले. आडनावावरून धंदा कळेनासा झाला होता आणि एकाच नावाची अनेक माणसे न्यायालयांच्या दारी येऊ लागली होती, याची जणू ही कायद्याने दिलेली कबुलीच होय. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक धर्मपरगण्यात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्यात येऊ लागली. त्या वहीत बापाचे आडनाव मुलाला लागत गेले आणि विशेषणाचे आडनाव कायमचे झाले.

भात्यापासून नाव किती दूर जाऊ शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अर्थशास्त्राचा आद्य आचार्य ॲडम स्मिथ. त्याचा बाप स्कॉटलंडातील कर्कॉल्डी या बंदरगावी जकात अधिकारी होता आणि कायद्याचा जाणकारही होता. ऐरणीशी घराण्याचा काही संबंध राहिला नव्हता. या ॲडम स्मिथच्या १७७६ च्या प्रसिद्ध ग्रंथात, श्रमविभागाचे महत्त्व सांगताना, लोहाराचाच दाखला येतो. खिळे करण्याची सवय नसलेला सामान्य लोहार दिवसाला दोन-तीनशे खिळे कसेबसे करील. पण ज्यांनी त्याखेरीज दुसरे काही केलेच नाही, अशी पोरसवदा मुले दिवसाला तेवीसशेहून अधिक खिळे करताना आपण पाहिली आहेत, असे तो सांगतो. गावाचे सर्व काम एका हाताने करणाऱ्या ज्या लोहारामुळे हे आडनाव जन्मास आले, त्या लोहाराचे दिवस भरले, हे एका स्मिथनेच लिहून ठेवावे, हा इतिहासातील एक योगायोगच म्हणावयाचा.

गावचा लोहार पुढे कमी होत गेला. आडनाव मात्र वाढत राहिले. इंग्लंड व वेल्स येथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. १८५३ सालच्या आपल्या अहवालात तेथील महानिबंधकाने आडनावांची गणती मांडली. तीनुसार स्मिथ सुमारे २,५३,६०० होते, आणि त्यांच्या पाठोपाठ जोन्स सुमारे २,४२,१०० होते. म्हणजे दर त्र्याहत्तर माणसांत एक स्मिथ! जोन्स हे मुख्यतः वेल्सचे आडनाव. तेथे धंद्याऐवजी बापाच्या नावावरून आडनावे पडली. म्हणून वेल्समध्ये स्मिथ कमी.

परंतु ही संख्या केवळ इंग्रज लोहारांच्या वंशवृद्धीने झाली नाही. बाहेरून येऊन या नावाच्या छत्राखाली शिरलेले पुष्कळ आहेत, आणि त्यांची कथा अधिक बोधप्रद आहे.

पहिले आयरिश. १४६५ मध्ये, चौथ्या एडवर्डच्या काळी, आयर्लंडातील इंग्रजी अंमलाखालच्या परगण्यांसाठी असा कायदा झाला की, तेथील आयरिश माणसाने इंग्रजी पोशाख करावा आणि इंग्रजी आडनाव घ्यावे. ते एखाद्या गावाचे, रंगाचे, धंद्याचे किंवा हुद्द्याचे असावे. धंद्याचे म्हणून त्या कायद्यात जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत स्मिथ आहे. पुढे आयरिश भाषेत लोहाराचा वंशज असे सांगणारी ‘मॅकगोवन’ कुळे कॅव्हन परगण्यात मोठ्या संख्येने स्मिथ झाली. अर्थ तोच राहिला, पण भाषा जेत्याची आली.

दुसरे जर्मन आणि इतर युरोपीय. लोहाराशिवाय कोठल्याच देशाचे चालले नाही. म्हणून हंगेरीत ‘कोवाच’, पोलंडात ‘कोवाल्स्की’, रशियात ‘कुझ्नेत्सोव्ह’, फ्रान्सात ‘लफेव्हर’, इटलीत ‘फेरारी’ आणि अरब देशांत ‘हद्दाद’ ही लोहारापासून झालेलीच आडनावे होत. यांतले कित्येक लोक अमेरिकेस गेले. तेथे शेजाऱ्यांना उच्चारता यावे म्हणून, किंवा पहिल्या महायुद्धात जर्मन नावाचा जाच नको म्हणून, अनेक ‘श्मिट’ स्मिथ होऊन गेले.

तिसरे अमेरिकेतील काळे लोक. १८५० व १८६० च्या तेथील जनगणनेत गुलामांची निराळी यादी होती. तीत मालकाच्या नावाखाली गुलामाचे वय, लिंग व वर्ण एवढेच लिहीत. त्याचे स्वतःचे नाव सामान्यतः लिहीत नसत. १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली, आणि १८७० च्या जनगणनेत हे लाखो लोक प्रथमच नाव-आडनावासह सरकारी कागदावर आले. कोणी जुन्या मालकाचे आडनाव लावले, कोणी त्याहून आधीच्या मालकाचे, तर कोणी मनास येईल ते घेतले. २०१० च्या अमेरिकी जनगणनेत २४,४२,९७७ स्मिथ नोंदले गेले व ते त्या देशातील पहिल्या क्रमांकाचे आडनाव ठरले. त्यांपैकी शेकडा तेवीस आपणांस काळे म्हणवितात. एका इंग्रज खेड्यातील भट्टीपाशी जन्मलेले नाव, आणि ते लावणाऱ्या दर चार-पाच माणसांत एकाचे पूर्वज साखळदंडांनी बांधून आफ्रिकेतून आणलेले! त्या साखळ्याही कोणा लोहारानेच घडविल्या असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

चौथे जे आहेत, त्यांचा संबंध थेट आपल्या भूमीशी पोचतो. इंग्लंडात ज्यांना जिप्सी म्हणत आले त्या भटक्या रोमा लोकांत ‘स्मिथ’ आडनावाची घराणी बरीच आहेत. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांचा तेथे उल्लेख सापडतो, आणि १५३० मध्ये त्यांना देशाबाहेर घालविण्याचा कायदाही झाला. धातूकाम, नाल ठोकणे आणि घोड्यांचा व्यापार ही त्यांची उपजीविका. त्यांच्या भाषेत नाल करणाऱ्यास ‘पेटुलेंग्रो’ म्हणतात. जॉर्ज बॉरो या लेखकाच्या १८५१ च्या ‘लव्हेंग्रो’ या पुस्तकातील जॅस्पर पेटुलेंग्रो हे पात्र ॲम्ब्रोज स्मिथ नावाच्या खऱ्या जिप्सी गृहस्थावरून घेतले आहे. घरात पेटुलेंग्रो आणि बाहेर स्मिथ, असा त्यांचा रिवाज. या लोकांची मूळ भाषा भारतीय आर्य कुळातील असून त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघाले, हे विद्वानांनी सिद्ध केले आहे. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, नाकाला ‘नाक’ आणि कानाला ‘कान’. इंग्लंडच्या रस्त्याकडेला तळ ठोकलेला एखादा स्मिथ आपल्या लेकराला ‘पानी’ आण म्हणून सांगत असेल, तेव्हा त्याच्या आडनावापेक्षा त्याची जीभच त्याचे कूळ अधिक खरे सांगते.

आता शास्त्रज्ञही या निष्कर्षास दुजोरा देतात. बापाकडून मुलाकडे आडनाव जाते, तसेच पुरुषाच्या शरीरातील ‘वाय’ गुणसूत्रही जाते. लेस्टर विद्यापीठातील तुरी किंग व मार्क जॉबलिंग या संशोधकांनी २००६ व २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत समान आडनावाच्या पुरुषांचे हे गुणसूत्र ताडून पाहिले. आडनाव दुर्मिळ असेल तर ते लावणाऱ्यांचा मूळपुरुष बहुधा एकच निघतो, पण स्मिथांसारख्या अतिप्रचलित आडनावात तसे नाते दिसत नाही, असे त्यांस आढळले. दोन स्मिथ एकमेकांचे जितके नातलग, तितकेच कोणतेही दोन इंग्रज.

आजही इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे स्मिथ हेच पहिल्या क्रमांकाचे आडनाव आहे. न्यूझीलंडात मात्र अलीकडे एक मौज झाली आहे. तेथील २०२३ सालच्या जन्मनोंदणीत ‘सिंग’ हे आडनाव सर्वांत पुढे होते व स्मिथ मागे पडले होते. पण सिंग हे तरी एका रक्ताचे कोठे आहेत? १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापिला, तेव्हा जातीकुळाची जुनी ओळख मागे टाकावी म्हणूनच ते नाव सर्वांस दिले. नावाने कूळ सांगावे या समजुतीला एका धर्मगुरूने बुद्धिपुरस्सर दिलेला तो छेद होता. स्मिथांच्या बाबतीत तेच कार्य इतिहासाने नकळत केले.

आपल्याकडे स्मिथांचा खरा जोडीदार शोधावयाचा तर तो ‘लोहार’ या आडनावात शोधू नये. तो कुलकर्ण्यांत शोधावा. गावगाड्यात कुलकर्णी गावास एक, आणि प्रत्येक गावास कुलकर्णी हवाच. म्हणून देशावर, बेळगाव-धारवाडकडे, हैदराबाद संस्थानात, आणि मराठ्यांच्या फौजांमागून गेलेल्यांमुळे इंदूर-ग्वाल्हेरकडे सर्वत्र कुलकर्णी आढळतात. त्यांची गोत्रे निराळी, शाखा निराळ्या, कुलदैवते निराळी. १९५० च्या मुंबई राज्याच्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. वतन गेले, दप्तर गेले, आडनाव राहिले. पाटलांची गोष्ट याहून व्यापक. ते आडनाव तर अनेक जातींत आणि जैन-लिंगायतांतही आहे. जी आडनावे ‘कर’ प्रत्ययाने संपतात ती गाव सांगतात, रक्त नव्हे. होळ गाव सोडून आलेला तो होळकर. मंगेशीच्या देवळाच्या छायेत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी गावाचे नाव लावले आणि ते मंगेशकर झाले.

गोव्यातील वाचकांना तर हे अधिक सांगावयास नको. सोळाव्या शतकापासून जे बाटले किंवा बाटविले गेले, त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता, पाद्री किंवा पोर्तुगीज अधिकारी यांची आडनावे मिळाली. ‘फेरेरा’ हे त्यांपैकीच एक. पोर्तुगीज भाषेत ते लोखंडाची खाण वा भट्टी असलेल्या स्थळावरून आले आहे, म्हणजे अर्थाने स्मिथांचे ते दूरचे आप्तच. पण ते लावणाऱ्या गोमंतकीय घराण्याने ना पोर्तुगालातील ती भट्टी पाहिली, ना त्याचे रक्त तेथले. एकाच वाड्यावरील दोन भावांची घरे, एक फेरेरा आणि एक नाईक झाली असतील, तर त्यांच्यातील नाते आडनावाने तुटत नाही. आणि दोन परक्या फेरेरांत ते आडनावाने जुळतही नाही.

न्यायालयाचा अनुभव हेच सांगतो. वारस म्हणून जो उभा राहतो, त्याला मृताचे आणि आपले आडनाव एक आहे एवढे दाखवून भागत नाही. वंशावळीचा एकेक दुवा शाबीत करावा लागतो. देवस्थानच्या महाजनकीचा वाद निघाला, तरी आडनावाचा हवाला पुरा पडत नाही. घराणे आणि यादीतील नोंद पाहावी लागते. इंग्रजांचा जुना कायदा तर याहून पुढे जातो. फसवणुकीचा हेतू नसेल तर कोणीही केवळ वापराने नवे आडनाव धारण करू शकतो. दस्तऐवज हा त्या बदलाचा फक्त पुरावा. गोव्यात मात्र नाव किंवा आडनाव बदलावयाचे तर त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे व त्याची रीत पाळावी लागते. दोन्ही कायद्यांत गृहीत एकच आहे की, आडनाव ही माणसाची खूण आहे. ते त्याच्या जन्माचे प्रमाणपत्र नाही.

आम्ही हे लिहितो ते आडनावाचा अभिमान कोणी सोडावा म्हणून नव्हे. पूर्वजांची आठवण ज्या दोन-तीन अक्षरांत साठली आहे, ती जपावीच. परंतु देवळाच्या सभामंडपात एखादा अनोळखी गृहस्थ आडनाव सांगतो आणि आपण मनातल्या मनात त्याची जात, गोत्र आणि पंगतीतील जागा ठरवून मोकळे होतो, तेव्हा या इंग्रज लोहाराची आठवण व्हावी. त्याचे नाव लावणाऱ्यांत सेनापती आहेत, पंडित आहेत, हुकुमाने नाव बदललेले आयरिश आहेत, साखळदंडांतून सुटलेले गुलाम आहेत, आणि आपल्याच देशातून निघून हजार वर्षे वाट चालत राहिलेले भटकेही आहेत. आडनाव ऐकून कूळ कळले असे वाटले, तरी त्या गृहस्थास आणखी दोन प्रश्न विचारावेत, आणि त्याच्या उत्तरांनाच अधिक किंमत द्यावी, हे बरे.